जोडेघाटचे पुराणमतवादी

राजकीय पुराणमतवादाचे मूळ सूत्र असे की समाज ही कोणा एका पिढीची खासगी मालमत्ता नसून गेलेल्या, हयात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांची सामायिक ठेव आहे, आणि म्हणून वहिवाटीने चालत आलेल्या हक्कांना, संस्थांना व चालीरीतींना हात लावण्यापूर्वी राज्यकर्त्याने दहादा विचार करावा. बदल करायचाच झाला तर जुन्या घराची डागडुजी करावी तसा, भिंती शाबूत ठेवून करावा. हे सूत्र एडमंड बर्क या ब्रिटिश संसदपटूने फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या 1790 च्या ग्रंथात मांडले. याच बर्कने वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवताना, हिंदुस्थानातील जुन्या घराण्यांचे व प्रजेचे हक्क मोडणारी ईस्ट इंडिया कंपनीच खरी उत्पाती आहे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला, ही गोष्ट मात्र त्याचे आजचे अनुयायी सहसा सांगत नाहीत. तात्पर्य, तत्त्व स्वच्छ आहे. अडचण निर्माण होते ती हे तत्त्व तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिल्यास, कारण तेथे ज्यांना शासनाने बंडखोर म्हणून नोंदवले ते बर्कच्या कसोटीवर पुराणमतवादी ठरतात, आणि ज्यांनी व्यवस्थेच्या रक्षणाची शपथ घेतली होती ते क्रांतिकारक ठरतात.

कोमरम भीम यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. तेव्हाच्या निजामी राज्यात आणि आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या जोडेघाटच्या डोंगरात या गोंड पुढाऱ्याचा 1940 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. ‘जल, जंगल, जमीन’ ही जी घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते तिच्यात नवे असे काहीही नाही. बापजाद्यांनी कसलेली जमीन, गुरे चारलेले रान आणि पाणी भरलेला ओढा पूर्ववत राहावा, एवढीच ती मागणी आहे. नवे होते ते दुसऱ्या बाजूला. राखीव जंगलाच्या हद्दी आखणारा वनखात्याचा अंमलदार नवा होता, ज्याच्या हाती पट्टा म्हणजे मालकीचा सरकारी कागद नाही त्याची जमीनच नाही, हा सिद्धांत नवा होता, आणि काझीपेठ ते बल्लारशा रेल्वेमार्ग झाल्यानंतर वेगाने वाढलेला बाहेरच्या शेतकऱ्यांचा व सावकारांचा ओघही नवा होता. (मराठी वाचकाने येथे तेलुगू सावकाराकडे बोट दाखवून मोकळे होण्याचे कारण नाही, वऱ्हाडाच्या आणि मराठवाड्याच्या बाजूने आलेल्या मराठी कुळांनीही पट्टे मिळवण्यात मुळीच कुचराई केली नाही.) म्हणजे एका पिढीच्या आत मालमत्तेची सगळी जुनी व्यवस्था उलथून टाकण्याचे काम आसफजाही घराण्याच्या सरंजामी सरकारने पार पाडले, आणि त्याला हरकत घेणारा मात्र राजद्रोही ठरला. पॅरिसमध्ये याच स्वरूपाच्या कृत्याला क्रांती म्हणतात. आदिलाबादेत त्याला बंदोबस्त म्हणतात.

गोळीबारानंतर सरकारला पश्चात्ताप झाला असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु कुतूहल मात्र झाले. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ त्या सुमारास हैदराबाद राज्यात होते आणि महायुद्धामुळे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. गोंडांच्या अस्वस्थतेची कारणे शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्या गोष्टी प्रत्येक गावच्या पाटलाने तोंडी सांगितल्या होत्या त्याच त्यांनी अहवालात लिहिल्या, आणि अहवाल विद्वानाचा असल्यामुळे त्या खऱ्या ठरल्या. पुढे मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले आणि आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियम आले. केस्लापूरला भरणाऱ्या, गोंडांच्या नागोबा देवाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्याच दशकात सुरू झाला. खरा पुराणमतवाद राज्यकारभारात कसा दिसतो याचा जिल्ह्यातील हा बहुधा एकमेव नमुना असून, तो घडवण्यासाठी एक निरंकुश राजा, एक परदेशी पंडित आणि एक गोळीबार अशी तिहेरी सामग्री लागली.

लोकशाहीत ही सामग्री उपलब्ध नसल्याने ते काम कायद्यावर सोपवण्यात आले. आंध्र प्रदेशाच्या 1959 च्या अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण नियमनात 1970 मध्ये सुधारणा झाली; तिला जिल्ह्यात सर्वत्र ‘वन ऑफ सेवंटी’ म्हणतात. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीच्या नावे करता येणार नाही, आणि अशी जमीन बिगर आदिवासीच्या ताब्यात आढळली तर ती मूळची आदिवासीचीच होती असे कायदा गृहीत धरील, असा तिचा आशय आहे. वंशपरंपरागत जमीन वंशातच राहावी असे सांगणारा हा कायदा बर्कने डोळे मिटून मान्य केला असता. आदिलाबादचे परंपराभिमानी पुढारी तो डोळे उघडे ठेवून वाचतात आणि त्यांना तो विकासाला मारक वाटतो. पूर्वजांचा मान राखावा, पूर्वजांचे सण साजरे करावेत, पूर्वजांचे पुतळे चौकात उभारावेत, येथवर त्यांची निष्ठा निर्विवाद आहे. ती फक्त पूर्वजांच्या सातबाऱ्यापाशी येऊन थबकते.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरील वाद आठवावा. समाजाच्या चालीरीतींत परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून व्हावी, असा टिळकांचा त्या वेळचा मुद्दा होता, आणि तो पटो न पटो, त्याला राजकीय विचार म्हणून ग्रंथांत जागा मिळाली. नेमका हाच मुद्दा आदिलाबादेतील उटनूरच्या डोंगरातील माणसाने मांडला की त्याला मागासलेपण हे नाव मिळते आणि त्याची फाईल गिरिजन विकास संस्थेकडे जाते. सभा घेऊन तो मांडू पाहिल्यास त्याहून वाईट होते: त्याच जिल्ह्यातील इंदरवेल्लीत 20 एप्रिल 1981 रोजी जमीन व जंगलाच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा असून लोक त्याहून बराच मोठा आकडा सांगतात. तेथील स्मारकस्तूपाभोवती त्या तारखेला पुढे वर्षानुवर्षे जमावबंदी लागू होत राहिली. प्रशासनाला परंपरा पाळता येत नाही, हा आरोप यावरून तरी खोटा ठरतो.

परंपरा जतन करण्याचे प्रत्यक्ष काम दरम्यान ज्यांचे होते ते करीतच राहिले. गोंडांच्या मेसराम कुळातील माणसे नागोबाच्या पूजेसाठी गोदावरीचे पाणी दरवर्षी पायी चालत जाऊन आणतात, पुष्य अमावास्येला जत्रा भरते, कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालून दिली जाते, आणि नागोबाचे नवे दगडी मंदिरही कुळाने स्वतः वर्गणी काढून बांधले. गोंडांच्या कुळकथा ज्यांच्या तोंडी राहिल्या त्या परधान भाटांची घरची बोली मराठी आहे, आणि तरीही त्यांनी शेजाऱ्याचा ठेवा शेजाऱ्याच्याच भाषेत सांभाळला. संस्कृतिरक्षणाच्या परिषदांत या गोष्टीचा उल्लेख सहसा होत नाही, कारण तिच्यासाठी अनुदान लागले नाही.

निवडणुकीच्या राजकारणात पुराणमतवादाचे तत्त्व आणखी सुटसुटीत होते. आदिलाबाद लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथून 2014 मध्ये तेलंगणा राष्ट्र समितीचे खासदार झालेले गोडम नगेश 2024 मध्ये भारतीय जनता पक्षाचे खासदार झाले, आणि 2019 मध्ये भारतीय जनता पक्षाकडून निवडून आलेले सोयम बापूराव पुढे काँग्रेसमध्ये गेले. जुन्या गोष्टींना चिकटून राहणे हा पुराणमतवादाचा गाभा मानला, तर येथे पक्ष ही एकच गोष्ट अशी आहे की जिला कोणी चिकटलेले नाही. यात कोणा एका पक्षाला दोष देणे अन्यायाचे होईल. जाहीरनाम्यात वारसा आणि कचेरीत फेरफार ही विभागणी सर्वपक्षीय आहे.

या विभागणीचे एक उदाहरण 2025 चे आहे. कवल व ताडोबा या दोन व्याघ्र प्रकल्पांमधील जंगल वाघांच्या ये-जा करण्यासाठी राखण्याचा शासन निर्णय क्रमांक 49 तेलंगणा सरकारने त्या वर्षी मे महिन्यात काढला, आणि आसिफाबाद जिल्ह्यातील त्या राखीव क्षेत्राला नाव दिले कोमरम भीम यांचे. ज्यांच्या जंगलावरील हक्कासाठी ते मेले त्यांनाच या निर्णयाने आपल्या हक्कांची धास्ती वाटली, आदिवासी संघटनांनी बंद पुकारला आणि जुलैत सरकारने निर्णय स्थगित केला. स्थगित केला, रद्द केला नाही.