गाव : पुणे

बापू माझा मावसभाऊ. गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर, कॉलेज बारामतीला. 2007 च्या सुमारास एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खुराड्यात बसून त्यानं ऑर्कुटवर दुसरा जन्म घेतला. नाव 'लोनली प्रिन्स', फोटो गुलाबाचा. गावाचं मात्र अडलं. इंदापूर लिहिलं तर लांबचे विचारत, "इंदूर का?" बारामती लिहिलं तर, "पवारांचा कोण?" शेवटी पुणे लिहिलं आणि कटकट मिटली. एवढा बंदोबस्त करून प्रिन्सनं एका मुलीला पहिला स्क्रॅप टाकला. स्क्रॅपबुक पडलं उघड्यावरचं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पोरांनी तो चालीवर म्हणून दाखवला. 'फ्रेंडशिप'चं तसलं स्पेलिंग अख्ख्या कॉलेजात बापूच करायचा.

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद पडलं. तोवर बापूला बायको, ट्रॅक्टर आणि पोट, तिन्ही आलं होतं. लाज तेवढी गेली. आता पहाटे मोटर चालू केली की स्टेटस. उसाला तोड आली, स्टेटस. काट्यावरची पावती वजनासकट, सलाईन लावलेला हात, बुलेटचा नंबर. 'सहकुटुंब गणपतीपुळे', म्हणजे घराला कुलूप आहे हे चोरांनी समजून घ्यायचं. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स: गॉगल, जन्मतारीख आणि शुभेच्छुकांत सगळी भावकी. एटीएमचा पिन मात्र बायकोलाही सांगत नाही. तो जन्मतारखेचाच आहे, हे तिला फ्लेक्सवरून कळलं.

लेक अकरावीला, बारामतीत. तिचं इन्स्टा कुलूपबंद. फोटोत तोंडापुढं मोबाईल. बापूची रिक्वेस्ट महिनाभर लटकलेली. "पोरीचं लपवण्यासारखं काय असतंय रं?" लोनली प्रिन्स मला विचारतो.

तिचं गाऱ्हाणं वेगळं आहे. दहावीचा निकाल बघायला सीट नंबर आणि आईचं नाव लागतं. बापूनं कौतुकानं दोन्ही स्टेटसला टाकलं होतं. गणितातले मार्क गावानं तिच्याआधी पाहिले. 2023 चा कायदा म्हणतो, अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी. बापूच्या माहितीसाठी कुणाची घ्यायची, तेही लिहायला हवं होतं.

मला तिनं आत घेतलं, "काका, पप्पांना दाखवायचं नाही" या अटीवर. पाहिलं तर गाव : पुणे.

"पुणे का गं?"

"बारामती लिहिलं की लगेच विचारतात, काका. पवारांची कोण?"