फ्लॅटमालक कसे व्हावे : वर्धेकर नवशिक्यांसाठी

अभिनंदन. पिपरी मेघे, सावंगी मेघे किंवा नालवाडीकडच्या एखाद्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्ही पसंत केला आहे. गॅलरीतून पऱ्हाटीचं वावर दिसतं म्हणून घरच्यांचाही होकार आला. (ते वावर लवकरच लेआऊट होईल, पण तो वेगळा विषय.) आजवर तुमच्या घराण्यात प्लॉट घ्यायची रीत होती. खाली आपली जमीन, वर आपला स्लॅब, आणि शेजाऱ्याशी भांडण फक्त नालीवरून. फ्लॅटचं तंत्र निराळं असतं, म्हणून पुढच्या सूचना नीट पाळाव्यात.

पैसे देताना जमिनीचा विषय काढू नये. बिल्डर दुखावतो. इसार द्यावा, कर्ज उचलावं, रजिस्ट्री लागली की पेढे वाटावेत. खालच्याचं छत ती आपली फरशी आणि वरच्याची फरशी ते आपलं छत, मग सगळ्यांच्या खालची जमीन कोणाच्या नावावर, हे वास्तुशांतीनंतरही विचारता येतं. तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : ‘होऊन जाईन नं भाऊ, कागद कुठी पळून चालले का?’ पवनारचे विनोबा 1951 पासून गावोगाव पायी फिरून जमीन मागत राहिले. आपला बिल्डर एक पाऊलही न चालता ती स्वतःकडे ठेवतो.

ज्यांना उगाच जास्त जाणून घ्यायची खोड आहे, त्यांच्यापुरतं सांगतो. महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीचे दोन रस्ते आहेत. 1963च्या ‘मोफा’ कायद्याने सोसायटी नोंदली की, करारात वेगळी मुदत नसेल तर, चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. ते चार महिने इतके लांबत गेले की 2008 साली कायदा बदलून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं. म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. दुसरा रस्ता 1970च्या अपार्टमेंट कायद्याचा, आणि विदर्भात तो बराच चालतो. त्यात मालकाने घोषणापत्र नोंदवायचं असतं. जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे त्यातच लिहिलेलं असतं. हा कागद मागणं नवशिक्याला शोभत नाही. मागितलाच, तर गच्ची कोणाच्या मेव्हण्याला ‘खास हक्कानं’ दिली आहे, तेही कळून बसेल. खांबांमधल्या पार्किंगचे वेगळे पैसेही मुकाट्याने द्यावेत. मोफाखाली असं पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं आहे. पण दिल्ली फार लांब.

‘आपल्याले रेरा लागत नाही जी,’ हे वाक्यही श्रद्धेने ऐकावं. ते अर्धं खरं असतं, म्हणूनच चालतं. प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले, तर रेरा कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. वर्ध्यासारख्या गावात कितीतरी इमारती एवढ्यातच बसतात. पण नोंदणीची सूट म्हणजे विक्रीपत्र, मंजूर नकाशा आणि अकृषक आदेशाचीही सूट, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता सुरक्षा. जिना सामायिक असतो, म्हणजे तिथे जुना कूलर, मोडकी सायकल आणि गव्हाची कोठी ठेवायला सगळ्यांना सारखाच हक्क. आग लागल्यावर त्याच वाटेने उतरायचं आहे, ही शंका अपशकुनी समजावी. ज्या इमारतीला अग्निशमन यंत्रणा सक्तीची आहे, तिथे 2006च्या कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचा दाखला घ्यावा लागतो. सेवाग्रामच्या आश्रमात सापाला न दुखावता धरायचा लाकडी चिमटा अजून जपून ठेवलेला आहे. मातीच्या एकमजली घरातसुद्धा धोक्याच्या वेळचं अवजार हाताशी होतं. आपल्याकडे आग विझवायच्या लाल सिलेंडरला छत्री अडकवतात.

कूलरसाठी मात्र वेगळा परिच्छेद हवाच. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45च्या पुढे जातो. मग प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी अँगल ठोकला जातो, भिंत बाहेरून सामायिक असली तरी. त्यावर पाण्याने भरलेली लोखंडी पेटी, आत पंप, आणि खाली लेकरं खेळतात. पाणी खालच्या गॅलरीत ठिबकतं, ते शेजारधर्मात धरावं. अर्थिंग तपासू नये, पंप चालू असतानाच हात घालून गवत सारखं करावं. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात विदर्भात येते, पण ती नेहमी दुसऱ्याच्या घरची असते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवला की हा सगळा थरार संपतो.

हौस म्हणून हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडताना इंजिनिअरला विचारू नये, गवंडी पुरे. महाड हे वर्ध्यापेक्षाही लहान गाव. तिथली पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 माणसं गेली. ती काही जुनाट नव्हती. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलं आहे. आमसभेत हा विषय काढून बघा. चर्चा लगेच लिफ्टवर येते : ‘मी खालच्या मजल्यावर राह्यतो, मी काहून पैसे देऊ?’ (द्यायचे असतात. सोसायटीत लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा नाही तर नका वापरू.)

एवढं वाचूनही इसार द्यायला निघालाच असाल, तर आधी दुय्यम निबंधक कार्यालयात जा. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर घोषणापत्र नोंदलं आहे का ते विचारा, नक्कल काढा, त्यात तुमच्या फ्लॅटपुढचा टक्का वाचा. नोंदलंच नसेल, तर इसाराचे पैसे खिशात ठेवा आणि दुसरा फ्लॅट बघा.