बारा चौरस फुटांची वहिवाट

महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या माणसाने वाईचा कृष्णाकाठ सोडून मुंबईस मुलाच्या चौदाव्या मजल्यावरील बिऱ्हाडी मुक्काम हलवावा आणि तेथे ‘पाय जमिनीवर असू देत’ हा वडिलांचा उपदेश पाळू म्हणावे, तर मुळात जमीन कोठे आहे याच्याच चौकशीपासून त्याला आरंभ करावा लागतो; कारण चौदाव्या मजल्यावर पायांखाली फरशी असते, फरशीखाली तेराव्या मजल्याचे छत असते आणि छताखाली, पहाटे साडेपाचला कोणी तरी सूर्यनमस्कार घालीत असल्याची तक्रार असते.

खरे पाहता ही चौकशी करण्यापूर्वीच मला सावध होण्यास आधार होता. घेरंडसंहितेत योगारंभ कोठे करू नये याचा स्पष्ट मनाईहुकूम आहे: परक्या मुलखात करू नये, अरण्यात करू नये, राजधानीत करू नये आणि लोकांच्या गर्दीत करू नये. आता वाईकराला मुंबई हा परका मुलूख आहेच; १ मे १९६० पासून ती रीतसर राजधानी आहे; गर्दीविषयी पुरावा दाखल करण्याची आवश्यकता नाही; आणि अरण्य म्हणाल तर तेही बोरिवलीस उतरले की रिक्षाच्या अंतरावर आहे. चारही निषिद्ध स्थळे एका लोकलच्या पासात सामावणारे दुसरे शहर निदान माझ्या माहितीत नाही. तथापि हा हुकूम मोडण्याची सुरुवात या शहरानेच फार पूर्वी केलेली आहे. श्रीयोगेंद्रांनी गृहस्थाश्रमी माणसासाठी योगाचे शिक्षण सुरू केले ते १९१८ साली, वेसाव्याच्या किनाऱ्यावर. तेव्हा पूर्वदाखला पाहता माझा अपराध किरकोळ ठरावा, अशा समजुतीने सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी निळी सतरंजी, जिला सून ‘मॅट’ म्हणते, काखोटीस मारून मी निघालो.

इमारतीच्या गच्चीचा विचार दोन मिनिटांत आटोपला. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे, सचिव पुण्याला, आणि अर्ज कार्यकारिणीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर. आयुष्यभर मी स्वतः लोकांच्या अर्जांवर हाच शेरा मारीत आलो असल्यामुळे त्यातील अर्थ मला तत्काळ उमगला.

मग मलबार हिलवर गेलो. फिरोजशहा मेहता उद्यानात, ज्याला सारी मुंबई हँगिंग गार्डन म्हणते, हिरवळ आहे, झुडपे कातरून केलेली जनावरे आहेत आणि समोरच्या बागेत म्हातारीचा बूटही आहे. परंतु ताडासनात उभे राहून, तळवे भूमीवर घट्ट रोवले आहेत अशी भावना करीत असतानाच शेजारच्या एका जाणकार गृहस्थांनी सांगितले की ही बाग १८८१च्या सुमारास शहराच्या पाण्याच्या टाकीवर रचलेली आहे. म्हणजे इतका वेळ मी भूमीवर नव्हे, झाकलेल्या पाण्यावर उभा होतो. तेथून उतरून मरीन ड्राइव्हला आलो, तर तेथील जमीन ही बॅकबेची भर, म्हणजे गेल्या शतकात समुद्र हटवून मिळवलेली. ज्याने हयातभर सातबारे तपासले त्याला अशा जमिनीवर वृक्षासन करताना मन स्थिर ठेवणे कठीण जाते. एका पायावर उभे असता सारखे वाटत राहते की मूळ खातेदार समोरच उसळतो आहे आणि त्याची हरकत अद्याप निकालात निघालेली नाही.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. पहाटेच्या उलट्या दिशेच्या लोकलमध्ये चक्क बसायला मिळाले. गुंडाळलेली सतरंजी पाहून समोरच्या प्रवाशाने ‘नकाशे का?’ असे विचारले, आणि भूमापनाशी पुन्हा एकदा आपला संबंध जोडला गेला या आनंदात मी ‘होय’ म्हणून मोकळा झालो. उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर. आत कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी कोरलेली, आणि त्यांत भिक्षूंच्या निजण्याबसण्यासाठी दगडी ओटे. त्या ओट्यांच्या कल्पनेनेच मन विरक्त होऊ लागले. इतकी माणसे इतकी शतके अरण्यात ध्यान करीत बसली असतील, तर मनाईहुकूम लिहिताना घेरंडमुनींनी स्थळपाहणी केली नसावी, असा निष्कर्ष काढून मी वाटेलगतच्या एका सपाट जागी सतरंजी पसरली, चार आसने केली आणि शवासनात पडलो. पानांची सळसळ, दूरवर कसला तरी पक्षी, आणि तोंडावरून सरकणारे कोवळे ऊन. वाईनंतर प्रथमच खाली खरोखरीची माती होती.

‘‘आजोबा, उठा. इथं आडवं पडायचं नाही.’’

डोळे उघडले तर खाकी गणवेशातील वनरक्षक.

‘‘का बरे? मी कोणाला उपद्रव देत नाही.’’

‘‘तुमचा उपद्रव नाही हो. उभा माणूस बिबट्याला मोठा दिसतो, म्हणून तो टाळतो. वाकलेला, बसलेला, पडलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतं.’’

हठयोगातील बहुतेक आसने ही वाकण्याची, बसण्याची अथवा पडण्याची असल्यामुळे या खुलाशानंतर मजजवळ फक्त ताडासन उरले. ते मी फाटकापर्यंत, चालत चालत, केले. अरण्यात रक्षक नसतो म्हणून तेथे योग करू नये, असे घेरंडमुनींचे कारण आहे. मला रक्षक भेटला आणि त्यानेच योग थांबवला, एवढाच काय तो काळाचा फरक.

अखेरीस शिवाजी पार्क. १९२५ साली नगरपालिकेने लोकांसाठी खुले केलेले, सुमारे अठ्ठावीस एकरांचे, भोवती बसका कट्टा असलेले आणि क्रिकेटच्या खेळपट्ट्यांनी भरलेले हे मैदान पाहताच माझ्यातील अव्वल कारकून जागा झाला. अठ्ठावीस एकर म्हणजे अकराशे वीस गुंठे. एका गुंठ्यात माझ्यासारख्या नव्वद सतरंज्या. एकूण लाखभर माणसे येथे एकाच वेळी शवासन करू शकतात. या हिशेबाच्या भरवशावर मी कट्ट्यालगतच्या एका पर्जन्यवृक्षाखाली सतरंजी सोडली. ती पुरती उलगडण्याच्या आत पांढऱ्या टोपीचे एक वृद्ध गृहस्थ प्राणायाम अर्धवट सोडून म्हणाले,

‘‘अहो, ती जागा धरलेली आहे.’’

‘‘कोणी? येथे तर कोणी दिसत नाही.’’

‘‘दिसणार कसे? मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेत. पण जागा त्यांची.’’

पुढील चौकशीत निष्पन्न झाले की झाडाखालची प्रत्येक बारा चौरस फूट जमीन कोणा ना कोणाच्या वहिवाटीची आहे, हद्दी झाडाच्या मुळांवरून ठरलेल्या आहेत, आणि या साऱ्याचा कागदोपत्री पुरावा शून्य असूनही वाद एकही नाही. तीस वर्षे मी सरकारी दफ्तरात काढली, परंतु इतका निर्वेध अभिलेख पाहिला नाही. बरीच भवति न भवति होऊन, मालक परत येईपर्यंत मला त्या जागेवर कूळ म्हणून बसवण्यात आले.

या मंडळींचा योग शास्त्रशुद्ध आहे असे म्हणवत नाही. हठप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या ज्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत जास्त बोलणे आणि लोकांची संगत या दोन आहेत. येथे त्या दोन नसत्या तर कोणी आलेच नसते. अनुलोमविलोम चालू असताना बोटाने एक नाकपुडी दाबलेली, दुसरीने श्वास चाललेला आणि मोकळ्या तोंडाने इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा, असा त्रिविध प्राणायाम मी येथेच प्रथम पाहिला. पलीकडे हास्यमंडळ गडगडत असते. हा हास्ययोगही मुंबईचाच, १९९५ साली अंधेरीच्या एका बागेत जन्मलेला. आणि ज्या मैदानाला उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले तेथे तो रोज मोकळ्या गळ्याने साजरा होतो. हसण्याला ध्वनिक्षेपक लागत नाही, ही त्यातील मेख.

मला स्वतःला या प्रवासात सर्वांत प्रेक्षणीय स्थळ सापडले ते भुजंगासनात. प्रवासी लोक मुंबई गच्चीवरून पाहतात. ती जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहावी. तेथून माणसे दिसत नाहीत, पाय दिसतात: घाईने फेऱ्या मारणारे, टाचेकडे झिजलेले बूट, हातकाठीच्या टोकाचे काळे रबर आणि त्याने लाल मातीत उमटवलेली वाटोळ्या ठशांची रांग, पांढऱ्या पॅडांखाली लहानशा गोलंदाजाला भ्यालेले दोन बारीक पाय, झोपलेल्या कुत्र्याचा पंजा. ज्या शहरात कोणी कोणाकडे मान वळवून पाहत नाही, तेथे एवढ्या लोकांचे पाय मला ओळखीचे झाले. एकदा शवासनात चेंडू कानाशी येऊन थांबला. ‘‘आजोबा, बॉल!’’ असा पुकारा झाला आणि मी डोळे न उघडता तो परत केला. त्यानंतर मला त्या संघात सीमारेषेवरील क्षेत्ररक्षक समजतात.

पावसाळा सरता सरता मालक अमेरिकेहून परतले. उंच, सावळे, नव्या पांढऱ्या बुटांतील गृहस्थ. माझ्या मनात १ एप्रिल १९५७ उभा राहिला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. जो आसन करील त्याचे आसन, असा युक्तिवाद मी मनोमन जुळवला आणि अदबीने म्हणालो,

‘‘आपली जागा सांभाळली आहे. मात्र वहिवाटीचा विचार व्हावा.’’

‘‘माझी कुठली?’’ ते म्हणाले. ‘‘मी पण कूळच. मूळचे एक नाशिककर होते, ते नातवाच्या मुंजीला म्हणून गेले ते आलेच नाहीत. पण ते तरी म्हणायचे की ही जागा त्यांना कोणी तरी धरून ठेवायला सांगितली होती.’’

मूळ धारकाचा शोध लागेपर्यंत सामाईक खाते करावे असे पंचांनी ठरवले. पूर्वेकडील निम्मी जागा त्यांची, पश्चिमेची माझी, मध्ये झाडाचे मूळ ही हद्द. व्यवस्था तशी सलोख्याची आहे. फक्त शवासनात त्यांचा डावा हात रोज मुळापलीकडे माझ्या हद्दीत येतो, आणि तोंडी समज देऊनही फरक न पडल्यास लेखी नोटीस द्यावी लागेल.