खानवेलची चौपाटी

खानवेलला समुद्र नाही ही तक्रार आता कायद्यापुढे टिकायची नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचं सरकारी लग्न लागलं, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी सागाच्या रानात बसलेल्या या गावाच्या पत्त्यात दीवची वाळू आली. मधे खंभातचं आखात नि अर्धं गुजरात पडतं, पण लग्नात एवढं अंतर चालायचंच.

तसं समुद्राशी या मुलखाचं नातं जुनं आहे. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगिजांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाला दणका दिला. त्याची भरपाई म्हणून १७७९च्या तहात पुणे दरबाराने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल केलं आणि १७८३ला नगर हवेली पोर्तुगिजांच्या हवाली झाली. नुकसान समुद्रात, भरपाई डोंगरात. आजची विमा कंपनी असती तर पंचनाम्यालाच चार वर्षं लावून वर ‘समुद्र पॉलिसीत बसत नाही’ असं कळवलं असतं.

खानवेलचा पहिला पावसाळी पर्यटकही पोर्तुगीजच. २ ऑगस्ट १९५४ला नगर हवेलीचं मुख्य ठाणं सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. इकडे पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपाई घेऊन खानवेलच्या दिशेने निघाला. ऐन श्रावणात, बुकिंगशिवाय! ११ ऑगस्टला भारताच्या हद्दीतल्या उदव्याला जाऊन तो शरण आला. मागे लागलेली माणसं आणि वरून कोसळणारा पाऊस यांमुळे त्याला इथलं रान जितकं निरखून बघावं लागलं, तितकं त्यानंतर आलेल्या एकाही पाहुण्याने बघितलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण आताचा पाहुणा निसर्ग बघायला येतो खरा, पण वाटेत सिल्वासा लागतं. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, सिल्वाशात नाही. त्यामुळे तिकडच्या माणसाला निसर्गाची ओढ अंमळ जास्त, आणि ती शुक्रवारी दुपारनंतर अनावर होते. मुंबईकराला बंदी नाही. तो हद्दीच्या दोन बाजूंच्या बाटलीच्या दरांचा तुलनात्मक अभ्यास करायला येतो. अभ्यासू माणूस. पेट्रोल, टोल आणि रिसॉर्टचं भाडं जमेस धरलं तर बाटली घराखालच्या दुकानापेक्षा महाग पडते, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. तो ‘फिरायला’ आलेला असतो.

मुक्कामी पोचल्यावर मंडळी साकरतोड नदीकडे वळतात. घोटाभर पाण्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, मधे टेबल, टेबलावर शेंगदाणे, कांदा, चखणा. स्पीकर काठावरच्या दगडावर, कारण त्याच्यात पाणी जाता कामा नये. याला ‘नेचरमध्ये बसणं’ म्हणतात. साकरतोड पुढे दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणला समुद्राला. म्हणजे खानवेल नि समुद्र यांचं विलीनीकरण कधीचंच झालेलं आहे, राजपत्राविना. समुद्राकडे त्या वाटेने सध्या वेफर्सची पाकिटं रवाना होत असतात.

दुसऱ्या दिवशी उशिरा उठून दुधनी. इथे शिकारे आहेत, झालर लावलेले, दल सरोवरातल्यासारखे. मग ओघानेच ‘मिनी काश्मीर’. आपल्याकडे प्रत्येक गावाला दुसऱ्या गावाची छोटी आवृत्ती व्हावं लागतं. तापोळा मिनी काश्मीर, दापोली मिनी महाबळेश्वर. खुद्द महाबळेश्वरला कुणी मिनी काही म्हटलं नाही, म्हणून तिथे ट्रॅफिक जॅम तेवढा पूर्ण आकाराचा मिळतो. दुधनीचं हे सरोवर म्हणजे दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचं मागे चढलेलं पाणी. खाली आदिवासींची खाचरं बुडाली, वर टेकड्यांचे माथे राहिले; त्या माथ्यांना आता ‘आयलंड’ म्हणायचं. शिकाऱ्यात बसून लाइफ जॅकेट घालायचं, फोटो आला की काढून ठेवायचं, पोटावर फुगलेलं दिसतं म्हणून.

वासोण्याच्या सफारीत आशियाई सिंह आहेत. गुजरातचे सिंह मध्य प्रदेशाला द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, ते काही गेले नाहीत. २०२२ला तिथे नामिबियाहून चित्ते आणावे लागले. इथे मात्र जाळीच्या बसमधून पाच-दहा मिनिटांत काम होतं. माणसं जाळीच्या आत ओरडतात, सिंह बाहेर झाडाखाली झोपतो. ‘काही करत नाही हो!’ असं एक काकू निराश होऊन म्हणतात. त्यांचे ‘हे’ शेजारच्या सीटवर तेच करत असतात.

रात्री रिसॉर्टच्या हिरवळीवर ‘ट्रायबल नाइट’. तारपा दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा दम न तोडता फुंकत राहतो आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. तारप्याला पाठ दाखवायची नाही, असा वारल्यांचा रिवाज. आमची मंडळी रिंगणात शिरली की पहिली गोष्ट करतात ती पाठ फिरवायची, कारण सेल्फी घ्यायचा तर तारपा मागे यायला हवा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतो, ‘भाऊ, यावर झिंगाट बसेल का?’ वाजवणाऱ्याचं तोंड तारप्यात असल्यामुळे तो उत्तर देत नाही. बारच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात हाच नाच काढलेला आहे. तिथे कुणाचीच पाठ तारप्याकडे नाही; चित्रातल्यांना मोबाईल नसतो.

रविवारी संध्याकाळी उदव्यावरून तलासरीकडे परतताना महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्कवाल्यांनी एक गाडी बाजूला घेतलेली असते. डिकीत ओल्या टॉवेलांखाली खोके.

‘कुठून आलात?’

‘खानवेल. फॅमिली ट्रिप, साहेब.’

‘काय बघितलंत?’

मागच्या सीटवरचं पोर तेवढं खरं बोलतं, ‘सिंह झोपला होता आणि बाबापण.’

साहेब टॉवेल उचलून खोके मोजायला लागतात.