साहेबांचा राहिलेला हिशेब

२६ जानेवारी २०१०. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान चालू होतं आणि प्रमुख दोन उमेदवारांपैकी एकाला मतच देता येत नव्हतं. हे गृहस्थ म्हणजे सरथ फोन्सेका, आठ महिन्यांपूर्वी तमिळ वाघांचं युद्ध संपवणारे लष्करप्रमुख. शत्रूच्या बंकरांचे नकाशे त्यांना तोंडपाठ होते, पण मतदारयादीत स्वतःचं नाव आहे की नाही हे पाहायचं राहून गेलं. ते नव्हतं. सरकारपक्षाला कोण आनंद! उमेदवारीच बाद, अशी हाकाटी सुरू झाली. शेवटी निवडणूक आयुक्तांना खुलासा करावा लागला, की मत देता येत नसलं तरी मतं घ्यायला हरकत नाही.

मुळात फोन्सेकांना उभं राहायची गरज का पडली? देशाचं भलं वगैरे जाहीरनाम्यात होतंच. खरं कारण त्यांच्या राजीनाम्याच्या पत्रात सापडतं. युद्ध जिंकल्यावर दोनच महिन्यांत त्यांना लष्करप्रमुखपदावरून उचलून संरक्षण दलांचे प्रमुख केलं गेलं. खुर्ची मोठी, अधिकार नावापुरते. वर राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांच्या सरकारला लष्करी उठावाची धास्ती वाटत होती, म्हणजे ज्यानं राज्य वाचवलं त्याच्यावरच संशय. सरकारी नोकरीत असा अपमान झाला की माणूस एक तर कोर्टात जातो, नाही तर आत्मचरित्र लिहितो. सेनापतीला तिसरा मार्ग मोकळा असतो: साहेबाचीच खुर्ची मागायची.

निकाल मजेदार लागला. राजपक्ष्यांना जवळपास ५८ टक्के मतं, फोन्सेकांना ४०. पण जाफना आणि वन्नी, म्हणजे ज्या तमिळ मुलखात त्यांच्या तोफा धडाडल्या होत्या, तिथे ते जिंकले आणि ज्या सिंहली दक्षिणेनं त्यांच्या विजयाचे फटाके वाजवले होते तिथे आपटले. तमिळांना त्यांच्याविषयी प्रेम नव्हतं, राजपक्ष्यांविषयी त्याहून कमी होतं, इतकंच. बारा-तेरा दिवसांत फोन्सेकांना अटक झाली, लष्करी न्यायालय बसलं, हुद्दा गेला, पदकं गेली. २०१५ साली सरकार बदललं आणि तेच फोन्सेका फील्ड मार्शल झाले. हा हुद्दा मिळवणारे ते श्रीलंकेतले पहिलेच. लढाई एकच, शत्रू तोच, विजयही तोच. फक्त सही करणारा राष्ट्राध्यक्ष दुसरा.

जगभरच्या सेनापतींच्या उमेदवाऱ्या पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा अशा अर्धवट राहिलेल्या ऑफिसच्या भांडणातून निघालेल्या दिसतात. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना जॉर्ज मॅक्लेलन अब्राहम लिंकनच्या विरोधात उभे राहिले. लिंकननं त्यांना दोन वर्षांपूर्वी सेनापतिपदावरून काढलं होतं, कारण साहेब फौज छान सजवत, कवायत सुरेख घेत, फक्त लढायला निघत नसत. सैनिकांचा त्यांच्यावर जीव होता आणि त्या जिवाचं मतांत रूपांतर होईल असा त्यांचा हिशेब होता. सैनिकांनी भरभरून मतं दिली, ती लिंकनला. राज्यांच्या प्रतिनिधींची मतं मोजली गेली तेव्हा आकडा होता २१२ विरुद्ध २१.

आपल्याकडचा हिशेब मात्र व्याजासकट वसूल झाला. जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख असताना त्यांच्या जन्मसालाचा वाद पेटला. एका नोंदीत १९५०, दुसरीत १९५१. बारा महिन्यांचा फरक, पण तेवढ्यावर निवृत्तीची तारीख हलत होती. जानेवारी २०१२ मध्ये पदावर असलेले लष्करप्रमुख आपल्याच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं साथ दिली नाही, याचिका मागे घेतली गेली, आणि मे अखेर साहेब निवृत्त झाले. दोन वर्षांनी भाजपच्या तिकिटावर गाझियाबादेतून ते साडेपाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले आणि मंत्री झाले. ज्या सरकारनं एक वर्ष दिलं नाही, त्याच्या जागी आलेल्या सरकारात त्यांनी पुरी दहा वर्षं काढली.

निवृत्तीनंतर ही मंडळी घरी का बसत नाहीत, हे पुण्यात फार समजावून सांगावं लागत नाही. साळुंके विहारसारख्या वसाहतींत सकाळी फिरायला निघालेल्या टोळक्यात दोन-चार ब्रिगेडियर सहज सापडतात. काल गाडीवर तारा होता, पुढे झेंडा होता, फोन उचलायला माणूस होता. आज नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्याची धावपळ. हजारो माणसांना एका शब्दावर सीमेवर हलवणाऱ्यानं आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी यंत्रावर अंगठा दाबून पटवून द्यायचं, आणि यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. बहुतेक जण हे हसून सोडून देतात, बागेला पाणी घालतात, सोसायटीच्या सभेत शिस्तीवर बोलतात. एखाद्याला सोसायटी लहान पडते.

काही सेनापती मात्र स्वतः उठून जात नाहीत, त्यांना न्यायला वरात येते. झॅकरी टेलर चाळीस वर्षं अमेरिकेच्या फौजेत होते आणि आयुष्यात त्यांनी एकदाही मतदान केलं नव्हतं. मेक्सिकोच्या युद्धात नाव झालं, तसा व्हिग पक्षाला साक्षात्कार झाला. या माणसाची मतं कुणालाच ठाऊक नव्हती, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण ठरला. जून १८४८ मध्ये पक्षानं उमेदवारीचं पत्र धाडलं, पण टपालखर्च न भरता. चाहत्यांच्या बैरंग पत्रांना कंटाळलेल्या टेलरनी असली पत्रं घेणंच बंद केलं होतं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचं आमंत्रण काही आठवडे पोस्टात पडून राहिलं. नंतर पक्षानं पैसे भरून दुसरं पत्र पाठवलं, साहेबांनी होकार दिला आणि निवडूनही आले.

आयसेनहॉवरना राजी करायला पत्र पुरलं नाही, सिनेमा लागला. १९५२च्या फेब्रुवारीत ते पॅरिसमध्ये नाटोची फौज उभारत होते आणि राजकारणाचं नाव काढू देत नव्हते. तिकडे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मध्यरात्री हजारो लोक त्यांच्या नावानं ओरडत होते. जॅकलिन कॉक्रन या वैमानिक बाईंनी त्या सभेची फिल्म विमानानं पॅरिसला नेली. आयसेनहॉवर ऊर्फ आईक आणि मेमी या नवराबायकोनं ती बैठकीच्या खोलीत पाहिली, आणि नॉर्मंडीच्या स्वारीत न डगमगलेला माणूस गहिवरला. त्यांना खरी चिंता होती ती रिपब्लिकन पक्षातले रॉबर्ट टाफ्ट निवडून आले तर अमेरिका युरोपातून अंग काढून घेईल याची, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. तरी सिद्धांतानं जे झालं नाही ते फिल्मनं झालं, याचीही नोंद असावी. मावळते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना मात्र त्यांची कीव येत होती: हा इथे बसून हुकूम सोडत राहील आणि काहीच हलणार नाही, म्हणजे काय ते त्याला कळेल.

त्याच वर्षी शिकागोत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषण करायला जनरल डग्लस मॅकआर्थर आले होते. ट्रूमननी त्यांना आदल्या वर्षी कोरियातून हाकललं होतं, तेव्हा हिशेब चोख तयार होता. पण प्रतिनिधींच्या हजाराहून अधिक मतांपैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम दहा आली आणि उमेदवारी आईकना गेली. हे आईक कोण? तीसच्या दशकात वॉशिंग्टनला आणि मनिलात मॅकआर्थर यांच्या हाताखाली कागद तयार करणारे मेजर.

फौजेत असं होत नाही, निवडणुकीत हटकून होतं. १८५२ साली अमेरिकेचे सरसेनापती विनफिल्ड स्कॉट उभे राहिले आणि मेक्सिकोत त्यांच्याच हाताखाली लढलेल्या फ्रँकलिन पिअर्सनी त्यांना असं पाडलं, की ३१ राज्यांपैकी चारच हाती लागली. आपल्याकडे २०१७ मध्ये माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग अकाली दलातर्फे पतियाळात उभे राहिले. समोर होते अमरिंदर सिंग, फौज सोडताना हुद्दा कॅप्टन. जनरलसाहेबांची अनामत जप्त झाली. लष्कराच्या कुठल्या नियमावलीत या प्रसंगाची तरतूद असेल असं वाटत नाही.

जनरल विल्यम शर्मन यांना हे सगळं आधीच कळलं असावं. १८८४ साली रिपब्लिकन त्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी उमेदवारी दिलीत तर घेणार नाही आणि निवडून दिलंत तर काम करणार नाही, असं कळवून टाकलं. त्यांचे सख्खे भाऊ जॉन सिनेटर होते आणि त्याच पदासाठी वर्षानुवर्षं झुरत होते. घरातच नमुना असल्यावर माणूस लवकर शहाणा होतो.

मुंबईनंही एक सेनापती पाहिला आहे. १९७१च्या लोकसभेला ईशान्य मुंबईतून जनरल करिअप्पा अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती, सत्तरी ओलांडलेले, रुबाब तोच. त्यांना पाठिंबा शिवसेनेचा. दोनच वर्षांपूर्वी सीमाप्रश्नावर म्हैसूर राज्याविरुद्ध याच सेनेनं मुंबई पेटवली होती आणि करिअप्पा त्याच राज्यातल्या कोडगूचे. त्यांचा कुणाशी जुना हिशेब नव्हता; देशाला शिस्त लागली पाहिजे एवढंच म्हणणं. मुंबईकरांनी शिस्तीला मान दिला आणि मतं इंदिरा गांधींच्या उमेदवाराला.

शिस्तीचा प्रयोग उत्तराखंडानं मात्र करून पाहिला. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी तिथे भाजपचे मुख्यमंत्री होते. २००९च्या लोकसभेत पक्ष हरला, तसं त्यांना काढलं. दोन वर्षांनी घोटाळ्यांच्या आरोपांनी नाकातोंडात पाणी गेल्यावर पक्षानं त्यांनाच परत आणलं. २०१२च्या विधानसभेला भिंतीभिंतीवर एकच घोषणा होती, खंडुरी है जरुरी. ती बऱ्यापैकी लागूही पडली. ७० जागांच्या सभागृहात काँग्रेसला ३२ आणि भाजपला ३१ मिळाल्या, आणि पक्षानं गमावलेल्या जागांमध्ये एक होती कोटद्वारची. उमेदवार: भुवनचंद्र खंडुरी.