नकाराला दोन बाप

प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी, अर्थात 'आरसेप', हा सोळा देशांनी एकमेकांच्या मालावरील आयात शुल्क, म्हणजे देशाच्या वेशीवर घेतली जाणारी जकात, टप्प्याटप्प्याने उतरवण्यासाठी मांडलेला करार होता. त्याच्या वाटाघाटी नोव्हेंबर २०१२ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने सुरू केल्या, भाजपप्रणीत सरकारने पुढे पाच वर्षे नेटाने चालवल्या आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गांधीजींचा मंत्र व स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांचा हवाला देऊन त्या भारतापुरत्या मोडल्या. सात वर्षांच्या या बोलणीचे पालकत्व सांगायला कोणी पुढे आले नाही. नकाराला मात्र त्याच संध्याकाळी दोन बाप मिळाले.

काँग्रेसने ५ नोव्हेंबरपासून देशभर आंदोलन जाहीर केले होते. आदल्याच दिवशी विषय संपल्यामुळे तयार मांडव वाया जाऊ न देता, सरकारला आपणच माघार घ्यायला लावली, असे त्या पक्षाने सांगितले. भाजपने त्याच माघारीला कणखर नेतृत्वाची खूण ठरवले. वस्तुतः सत्ताधाऱ्यांना खरा जाच घरातूनच होता, कारण संघपरिवारातील स्वदेशी जागरण मंच या कराराविरुद्ध कंबर कसून उभा होता. हाच भाजप विरोधी बाकांवर असताना डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला जन्म देणाऱ्या मसुद्यावर, तुटून पडला होता आणि २००१ मध्ये सत्तेवर असताना त्याच संघटनेच्या नियमांपोटी त्याने आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठवले. यावरून भारतीय पक्षांची व्यापारनीती विचारसरणीपेक्षा सभागृहातील आसनव्यवस्थेवर अधिक अवलंबून असते, असे मानण्यास जागा आहे. (डंकेलचे उघड समर्थन करून शिव्या खाणारे शेतकरी नेते शरद जोशी हा अपवाद, त्यांच्याकडे आसनच नव्हते.)

त्या आठवड्यात जालना जिल्ह्यात मात्र सोयाबीनच्या सुडीला परतीच्या पावसाने कोंब फुटले होते, ताडपत्री उचलली की उबट वास येत होता आणि पंचनामा कोण करणार, एवढीच वाटाघाट गावोगाव चालू होती. मुंबईत विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस उलटले तरी कोणता पक्ष कोणत्या गटात सामील होणार हे ठरत नव्हते. जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे त्या वेळी केंद्रात ग्राहक व्यवहार खात्याचे राज्यमंत्री होते. म्हणजे माल महाग विकला जावा अशी इच्छा असणाऱ्या मतदारांचा प्रतिनिधी, तो स्वस्त मिळावा यासाठी नेमलेल्या खात्यात बसला होता, आणि या विसंगतीत कोणालाही वावगे वाटले नाही.

सदसद्विवेकबुद्धीला बँकॉकइतके कष्ट पुढे पुन्हा पडलेले दिसत नाहीत. करारासाठी सात वर्षे आणि सोळा देश लागतात. शुल्क उतरवायला एक अधिसूचना, म्हणजे राजपत्रात छापलेला सरकारी हुकूम, पुरेसा असतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांच्या हितासाठी कापसावर बसवलेले शुल्क, जे अधिभारासह ११ टक्के होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये अशाच हुकुमाने ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. तोवर जालन्यात वेचणीला नीटशी सुरुवातही होत नसल्यामुळे ही सवलत शेतकऱ्याला फारशी लागली नसती. बहुधा ही उणीव लक्षात आल्यामुळेच ती महिना संपण्यापूर्वी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.