कासविणीची एक्झिट स्ट्रॅटेजी

ओळखीतल्या एका कन्सल्टंटचा फोन आला. "तुझं मराठी बरं आहे. आमच्या शाश्वत पर्यटनाच्या प्रपोजलचं मराठी करून दे. मानधन नाही, पण मागच्या पानावर नाव टाकू." मागच्या पानावर वाणी उधार देत नाही हे ठाऊक असूनही मी हो म्हटलं, कारण फाइलचं नाव होतं 'वेळास मॉडेल'.

मंडणगड तालुक्यातलं वेळास एके काळी नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जाई. आता ते कासवांचं. सगळ्या दरबारांच्या खबरा राखणाऱ्या नानांनाही कासव कधी येणार ते कळलं नसतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसांच्या नाहीतर कुत्र्या-कोल्ह्यांच्या पोटात जात. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, लोक आले, गावाने पाहुण्यांना घरं उघडली. पुढे संस्था बाजूला झाली आणि गाव अन् वनखातं सगळं बघू लागलं. झालं. गोष्ट संपली. पण इतक्या छोट्या गोष्टीला अनुदान कोण देणार? म्हणून प्रपोजल चौऱ्याऐंशी पानांचं.

पहिल्याच पानावर 'स्टेकहोल्डर' आडवा आला. 'हितसंबंधी' लिहिलं, तर टेंडरचा वास सुटला. 'भागधारक' लिहिलं, तर कासवाला डिव्हिडंड द्यावा लागेलसं वाटलं. शेवटी 'गावकरी' लिहिलं. तो शब्द बजेटमध्ये बसत नाही म्हणून परत आला.

मग 'यजमान महिलांची आतिथ्य क्षमता बांधणी, तीन दिवस'. हे टाइप करताना मला वेळासच्या काकू आठवल्या. मुक्कामाला आम्ही चौदा जण, त्या एकट्या. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. उकडीचे मोदक पाहुण्यांना कमी पडू नयेत म्हणून स्वतःच्या नातवाला डोळ्यांनीच दटावून शेवटच्या पंगतीला बसवलेला. या काकूंना आता शहरातली कुणी मुलगी 'ग्राहकाशी नजर मिळवणे' शिकवणार, स्लाइडसकट. काकूंनी नजर मिळवली की ग्राहकाची तिसरी भाकरी नको म्हणायची छाती होत नाही, हे स्लाइडवर कुठे घालायचं?

प्रशिक्षणाची गरज कुणाला आहे ते मी सकाळी सातला किनाऱ्यावर पाहिलं होतं. दोरीमागे दीडेकशे माणसं, सगळ्यांचे फोन वर. कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळूच. पंचेचाळीस ते साठ दिवसांत कधीही पिल्लं निघतात, त्यांना विकेंड कळत नाही, असं तो बिचारा समजावत होता. एका गृहस्थांनी विचारलं, "कालची काही शिल्लक नाहीत का?" त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पॅकेजमध्ये कासव होतं हो." मी प्रपोजलमध्ये 'पर्यटकांची क्षमता बांधणी' असं एक कलम घुसवून पाहिलं. उत्तर आलं, पर्यटक लाभार्थीत मोडत नाहीत.

शेवटचं प्रकरण 'एक्झिट स्ट्रॅटेजी'. अनुदान मागणाऱ्या संस्थेने गावातून कधी आणि कसं बाहेर पडायचं याची तब्बल अकरा पानं, आणि त्यातली नऊ टप्पा दोन आणि टप्पा तीनबद्दल. अनुवाद करता करता रात्रीचे दोन वाजले. याच सुमाराला कधीतरी कासवीण वाळूवर चढते. खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, अंगाने वाळू चोपून सारखी करते आणि आल्या वाटेने समुद्रात जाते. फ्लेक्स नाही, उद्घाटन नाही. पिल्लं कशी आहेत ते बघायलासुद्धा ती परत येत नाही.

अकरा पानं पुसून मी तिथे लिहिलं : 'काम उरकून, खड्डा बुजवून, समुद्रात जाणे.'

सकाळी कन्सल्टंटचा मेसेज होता. "मस्त जमलंय. फक्त टप्पा दोन राहिलाय बघ."